बोंबिलराव, बसा!

लिमयेकाकू, आधी तक्रार. वाद अर्धवट टाकून माणसानं उठून जाऊ नये. ‘होल्ड’ हा शब्द मराठी की इंग्रजी, यावर आपलं त्या गुरुवारी जिन्यात भांडण चालू होतं. माझा मुद्दा बिनतोड होता. तुम्ही म्हणालात, ‘उद्या बघू गं, आता दूध उतू जाईल.’ आणि उद्या तुम्ही हॉस्पिटलात, परवा नाहीच. याला काय म्हणायचं? सभात्याग?

पेपरात तुमच्या नावाची छोटी चौकट आली. त्यात ‘मनमिळाऊ’ असा शब्द आहे. जाहीर निषेध. तुम्ही मनमिळाऊ नव्हतात, तुम्ही चिवट होतात. मनमिळाऊ माणूस समोरच्याच्या हो ला हो म्हणतो. तुम्ही समोरच्याला ‘हो’ म्हणायला लावायचात, वर त्यालाच वाटायचं की कल्पना आपलीच होती. मी इतकी वर्षं पत्रकं वाटते आहे, पाण्यासाठी, बसथांब्यावरच्या छपरासाठी, बागेच्या प्लॉटसाठी. मला हे कधी जमलं नाही. त्याचा मला अजून राग आहे, आणि तो राग घेऊनच लिहायला बसले आहे.

या रविवारी आपल्या सोसायटीची सभा झाली. विषय एकच. बोंबिल बिल्डिंगमध्ये राहणार की जाणार. कारण कुत्रा पाळायची परवानगी तुमच्या नावावर होती, आणि तुमचं नाव आता पाटीवरून उतरणार. तुमच्या कन्या माधवीताई बडोद्याहून आल्या होत्या, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘माझ्या धाकट्याला दमा आहे, मी नाही नेऊ शकत. सोसायटी नाही म्हणाली तर पनवेलच्या पुढे ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे बांधून ठेवतील.’ बांधून! आमच्या आईनं एका वाक्यात निकाल दिला, ‘सोसायटी हो म्हणाली तर आपल्याकडे ठेव. चोरून ठेवणार नाही.’ म्हणजे सगळं त्या सभेवर. सभेत काय झालं ते शेवटी सांगते. शेवट आधी सांगितलेला तुम्हाला खपायचा नाही.

तुम्हाला आठवतंय का, सारसोळ्याला तुम्ही माझ्याबरोबर आलात ते खाडी बघायला. मी जेट्टीवर पत्रकं वाटत होते, खाडीत येणाऱ्या घाण पाण्याविरुद्ध. तुम्ही एका रिकामी होत आलेल्या टोपलीसमोर उकिडव्या बसलात. टोपलीत सुक्या बोंबलांचा चुरा आणि त्यात तोंड घालून बसलेलं एक पिवळट पिल्लू. टोपलीवाली म्हणाली, ‘ने गो बाय, चांगला हाय. आमच्याच टोपलीत बसून आमचीच मासली खातंय.’ तुम्ही जन्मात मासा खाल्लेला नाही. पदर नाकाला लावून तुम्ही त्या पिल्लाला विचारलंत, ‘येता का हो आमच्याकडे?’

अहो! कुत्र्याच्या पिल्लाला अहो!

नाव मी ‘विद्रोही’ सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘त्याच्या अंगाला वास कसला येतोय बघ, आणि मग नाव ठेव.’ झालं, बोंबिल. तुम्ही गॅलरीतून ‘बोंबिल! अहो बोंबिल!’ अशी हाक मारलीत की पहिल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या दोन बायका ताटली घेऊन बाहेर आल्या होत्या. कोळीण आली समजून.

बोंबिलनं मग जे करायचं ते केलं. जिन्यात मुतला. दुपारी रडला. आणि चपला खाल्ल्या त्याही निवडून, सेक्रेटरी सावंतकाकांच्या. सावंतकाका म्हणजे माणूस वाईट नाही, पण सेक्रेटरी झाल्यापासून ते नळाच्या पाण्यासारखे ठरलेल्या वेळीच वाहतात. त्यांनी सभा बोलावली. मी पत्रक काढलं. मथळा होता, ‘मुक्या जिवावर सोसायटीचा अन्याय! नागरिकहो, जागे व्हा!!’ नागरिक जागे झाले आणि तिसऱ्या मजल्यावरचे नायरसाहेब, जे तोवर गप्प होते, ते म्हणाले, ‘आम्ही अन्यायी? ठीक आहे. मग करतोच अन्याय.’ कुत्रा त्याच दिवशी बाहेर गेला असता. तुम्ही उठलात. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘पिल्लू आहे, शाळेत घालते त्याला. दिवाळीपर्यंत शिकलं नाही तर मी स्वतः सोडून येईन.’

शाळा म्हटल्यावर विषयच संपला. शिक्षणाच्या विरोधात कोण बोलणार? मी तुमच्याकडे रागानं बघितलं. लढाईच्या मध्येच तुम्ही तह केला होतात, तोही शाळेचा. नेरुळमध्ये माणसांच्या पोरांना बालवाडीत प्रवेश मिळेना, आणि आपण कुत्र्याची शाळा शोधायला निघालो.

शाळा शोधायची पद्धतसुद्धा तुमचीच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलेली बाई, तुम्हाला वाटायचं की जगातली प्रत्येक गोष्ट तारेवरून ऐकू येते. मी म्हणत होते, प्रत्यक्ष पाहणी करू, शिकवणाऱ्याला प्रश्न विचारू, दहा मुद्दे लिहून नेऊ. तुम्ही फोनची तबकडी फिरवलीत आणि तिघा शिकवणाऱ्यांनाही एकच प्रश्न विचारलात, ‘पिल्लानं ऐकलं नाही तर तुम्ही काय करता हो?’ मी शेजारी कान लावून बसले होते.

पहिला वाशीचा. त्यानं उत्तर दिलंच नाही. तो म्हणाला, ‘आधी जात सांगा.’

तुम्ही म्हणालात, ‘आमची?’

‘कुत्र्याची हो, बाई. आमच्याकडे जातिवंतच घेतो. वंशावळीचे कागद लागतात.’

काकू, माझं डोकं फिरलं. जात! वंशावळ! मी रिसीव्हर हिसकावायला हात पुढे केला, तर तुम्ही माझ्या हातावर चापट मारून त्याला गोड आवाजात म्हणालात, ‘सारसोळ्याच्या टोपलीतले आहेत. कागद टोपलीतच राहिले असतील.’ आणि ठेवलात. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहून काढलं, ‘कुत्र्यालाही जात? धिक्कार असो!’ तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि म्हणालात, ‘यात नऊ उद्गारचिन्हं आहेत आणि क्लासचा पत्ता एकदाही नाही. लोकांनी धिक्कार करायला जायचं कुठे?’

दुसरा बेलापूरचा. तो तुमच्या प्रश्नावर हसला. ‘ऐकणार नाही म्हणजे? दोन ठेवून दिल्या की ऐकतं. मोठमोठी ऐकतात.’ तुम्ही म्हणालात, ‘हो का? बरं हं, येते.’ हे तुमचं ‘येते’ म्हणजे पुन्हा तोंड बघणार नाही असं असतं, हे मला ठाऊक होतं, त्या बिचाऱ्याला नव्हतं. त्यानं तुम्हाला दोनदा उलटा फोन केला, बॅच भरत आली म्हणून.

तिसऱ्या फर्नांडिस मॅडम. मागे चार-पाच कुत्री एकदम भुंकत होती आणि त्यातून त्यांचा आवाज येत होता, ‘काय? जोरात बोला! ऐकलं नाही तर? मग मी घरी जाऊन विचार करते ना, माझं कुठे चुकलं ते.’

तुम्ही फोन ठेवलात आणि म्हणालात, ‘ही.’

मी म्हटलं, एका वाक्यावर? पाहणी नाही, चौकशी नाही? तुम्ही म्हणालात, ‘तीस वर्षं मी नुसते आवाज जोडले गं. मागची कुत्री ऐकलीस? भुंकत होती, पण रडत एकही नव्हतं.’ मी तुमच्याशी वाद घातला, की हा अवैज्ञानिक दृष्टिकोन आहे. घातलाच. आणि तरी रविवारी सकाळी तुमच्याबरोबर सानपाड्याला गेले, कारण रिक्षावाल्यांशी भांडायला कुणीतरी हवं होतं. कुत्रा बघितला की रिक्षा पळायच्या. तुम्ही मग युक्ती काढलीत. बोंबिलला पिशवीत घालायचं, आणि रिक्षा जुईनगरच्या पुढे गेल्यावर म्हणायचं, ‘अगंबाई, हे पण आलेत वाटतं!’

सानपाड्याचा तो मोकळा प्लॉट. वारा फिरला की एपीएमसी मार्केटमधल्या कांद्याचा वास यायचा आणि सगळी कुत्री एकदम शिंकायची. फर्नांडिस मॅडम पॅन्टमध्ये, डोक्याला रुमाल, कमरेला कलेजीची थैली. बाकीची पिल्लं पांढरी, झिपरी, गळ्यात घुंगरू. त्यांची माणसं ‘सिट! सिट! टॉमी, सिट!’ असं ओरडत होती. घरात आईला ‘आये’ म्हणणारी माणसं कुत्र्याशी मात्र साहेबाच्या भाषेत! मला ते सहन होईना. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, आमचा बोंबिल मराठीतच शिकेल. फर्नांडिस मॅडम म्हणाल्या, ‘चालेल ना. मराठीत शिकव, कोकणीत शिकव. कुत्र्याला काय फरक पडतो? बस एक शब्द, एक मतलब. घरात सगळ्यांनी तोच बोलायचा.’

आणि मी शब्द निवडला. ‘बस.’

मॅडमनी भुवई वर केली होती. ‘पक्का? दिवसात किती वेळा बोलता तुम्ही लोक हा शब्द?’ मी म्हटलं, आमच्या भाषेत बसायला बसच म्हणतात, आम्ही का बदलायचं?

बोंबिल हुशार. दोन रविवारांत शिकला. ‘बस’ म्हटलं की ढुंगण जमिनीला. मी पूर्ण सेक्टरभर मिरवून आले. आणि मग एक दिवस आपण दोघी त्याला घेऊन डेपोसमोरून रस्ता ओलांडत होतो आणि थांब्यावरची माणसं ओरडली, ‘बस आली! बस आली!’

बोंबिल रस्त्याच्या मधोमध बसला.

मी साखळी ओढतेय, तो हलेना. समोरून बस. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर, ‘ओ ताई, उचला ना त्याला!’ मागून कंडक्टर, ‘बस कर रे आता, बस कर!’ त्यानं ते ऐकलं आणि आणखी घट्ट बसला. मी संतापून म्हणाले, ‘बस झालं हं बोंबिल!’ म्हणजे आणखी एकदा. थांब्यावरचे सगळे प्रवासी बघत होते, त्यातल्या निम्म्यांना मी आदल्या आठवड्यात छपराचं पत्रक दिलेलं. तुम्ही हसून हसून खाली बसलात, म्हणजे आता रस्त्यात दोघे बसलेले. शेवटी तुम्हीच त्याला उचललंत आणि बसच्या ड्रायव्हरला म्हणालात, ‘माफ करा हं. हिनं मराठीत शिकवलंय.’

काकू, त्या दिवशी मी तुमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. मग तुम्ही शिरा घेऊन आलात आणि म्हणालात, ‘मराठी सोडायला नकोच. नुसतं नीट बोलू या. मी तर त्याला “बसा”च म्हणते. रस्त्यावर “बसा” कोण म्हणतं? ते घरातच म्हणतात.’

म्हणजे विजय तुमचा. आणि तोही माझ्याच मुद्द्याच्या खांद्यावर चढून. फर्नांडिस मॅडमना तुम्ही ते सांगितलंत तेव्हा त्या हसून टाळ्या वाजवायला लागल्या. पुढच्या रविवारपासून आख्ख्या प्लॉटवर ‘सिट, सिट’च्या गलक्यात तुमचा एक आवाज, एक्स्चेंजमधला, शांत, प्रत्येक अक्षर सुटं, ‘बोंबिलराव, बसा.’ कलेजी तुम्ही शिवायला तयार नव्हतात, म्हणून बक्षीस म्हणून तुपात परतलेल्या पोळीचे तुकडे. पहिल्या पोळीला बाकीची सगळी पिल्लं आपापल्या कलेज्या टाकून तुमच्याभोवती येऊन बसली. न सांगता. टॉमीसुद्धा.

बोलवायला ‘या’. सोडून द्यायला ‘नको, असू दे’. आणि जागेवर थांबवायला मी सुचवलं होतं ‘थांब’. सुटसुटीत, मराठी. तुम्ही काय म्हणालात? ‘होल्ड करा.’ तोंडातच बसलेलं. तीस वर्षं माणसांना जे सांगितलं तेच कुत्र्याला. मी म्हटलं, काकू, ‘होल्ड’ इंग्रजी आहे. तुम्ही म्हणालात, ‘पण “करा” मराठी आहे ना? आणि “थांबा” म्हटलं की माणसाला वाटतं आपल्याला अडवलं. “होल्ड करा” म्हटलं की वाटतं, पुढे काहीतरी येणार आहे.’ यावर माझ्याकडे उत्तर आहे. अजून आहे. तुम्हीच नाही.

आणखी एक मुद्दा मी किती वेळा मांडला. मला ‘अगं वैशाली’, ‘ए बावळट’, ‘इकडे ये गं’. आणि कुत्र्याला अहो-जाहो! मी एकदा सरळ विचारलं, माझ्यापेक्षा त्याचा मान मोठा का? तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘तू घरची आहेस. ते अजून नवीन आहेत.’ मी पुढचा मुद्दा विसरले.

पण तुमची खरी लबाडी पुढेच आहे. फर्नांडिस मॅडमनी गृहपाठ दिला होता, पिल्लाला हरतऱ्हेची माणसं आणि आवाज दाखवा. छत्रीवाला, हेल्मेटवाला, काठीवाला, कुकरची शिट्टी, मिक्सर, रडणारं बाळ. म्हणजे पुढे घाबरून भुंकणार नाही. मी म्हटलं, ठीक, एपीएमसीत नेऊ, हमाल, ट्रक, आवाजच आवाज. तुम्ही म्हणालात, ‘एवढं लांब कशाला?’ आणि तुम्ही बोंबिलला काखोटीला मारून आपल्याच बिल्डिंगमध्ये दारोदार फिरलात.

‘नायरसाहेब, तुमचं हेल्मेट घालून जरा दारात उभे राहता का? आमचा गृहपाठ आहे.’

‘शेख वहिनी, तुमचा मिक्सर फार आवाज करतो ना? दोन मिनिटं चटणी वाटाल? आम्ही बाहेर उभे राहतो.’

नायरसाहेब हेल्मेट घालून, लुंगीवर, हात पाठीमागे बांधून दारात उभे राहिले, काकू. ज्यांनी अन्याय करतोच म्हणून सांगितलं होतं ते! बोंबिल भुंकला. दुसऱ्या दिवशी कमी भुंकला. तिसऱ्या दिवशी शेपटी हलवली, आणि नायरसाहेबांनी खाली येऊन मला, मला, सांगितलं, ‘इम्प्रूव्हमेंट आहे.’ शेख वहिनींनी त्या आठवड्यात चार वेळा चटणी वाटली. घरच्यांनी तक्रार केली तर म्हणाल्या, ‘उसका एक्झाम है.’ तुम्ही एकालाही म्हटलं नाहीत की कुत्र्यावर दया करा. तुम्ही त्यांचा मिक्सर मागितलात. मी माझ्या पत्रकांच्या बाजूनं अजूनही उभी आहे, पत्रकं हवीतच, नाहीतर बसथांब्याचं छप्पर आलं नसतं. पण मिक्सर मागायचं मला सुचलं नसतं, एवढं लिहून ठेवते.

मग दिवाळीच्या तोंडावर सावंतकाका पाहणीला आले. हातात सोसायटीची फाईल, चेहरा न्यायाधीशाचा. मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, भाषण पाठ करून. तुम्ही दार उघडलंत आणि सवयीनं म्हणालात, ‘या या सावंत, बसा!’

सावंतकाका बसायला वाकले. त्यांचं ढुंगण खुर्चीला लागायच्या आत आतून बोंबिल धावत आला आणि त्यांच्या समोर, पाय जुळवून, मान ताठ, बसला.

सावंतकाका अर्धे वाकलेले तसेच. फाईल हातात. साताठ वर्षं नवी मुंबईत काढून जपलेली शहरी भाषा गळून पडली आणि मालवण बाहेर आलं. ‘आवशीक खाव! ह्यो माझ्या आधी बसलो!’

तुम्ही म्हणालात, ‘पाहुणे आले की बसतात ते. तुम्हीही बसा ना.’

बोंबिलनं पुन्हा ऐकलं, आणि तो बसलेलाच होता, म्हणून अधिकच ताठ झाला. सावंतकाकांना हसू आवरेना. फाईल मांडीवर ठेवून डोळे पुसत होते. म्हणाले, ‘बाई, माझो नातू अजून असो बसणा नाय.’ त्यांनी पुढे कुत्र्याला काही विचारलं नाही, तुम्हाला चहाच मागितला. चहा पिता पिता मी भाषण सुरू करायला तोंड उघडलं तर म्हणाले, ‘बस गो चेडवा, जिंकलंस ना?’ आणि बोंबिल, ‘बस’वरही बसायचं अजून विसरला नव्हता, त्यानं उठून परत बसून दाखवलं. परवानगी मिळाली. तुमच्या नावावर.

हॉस्पिटलातलं एकच लिहिते. मी सकाळी आले तेव्हा तुमच्या नाकाला नळी होती आणि नर्सनं बोलू नका म्हणून सांगितलं होतं. तुम्ही नर्स वळल्यावर लगेच बोललात. काय बोललात? ‘बोंबल्या जेवला का गं?’

बोंबल्या. जेवला. ‘अहो’ नाही, ‘राव’ नाही, ‘जेवले’ही नाही.

मी म्हटलं, जेवला. तुम्ही मान हलवलीत, आणि डोळे मिटलेत. मला तेव्हा कळलं नाही. घरी येताना रिक्षात कळलं, पाम बीचच्या वळणावर, आणि मी एवढी मोठ्यानं रडले की रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला घेतली. पिशवीत कुत्रा नव्हता तरीही.

आता रविवारची सभा. खाली पार्किंगमध्ये, लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी रात्रंदिवस तयारी केली होती. भाषण होतं, मुद्दे होते, आमच्या मंडळाचे दोन कार्यकर्ते घोषणा द्यायला फाटकाबाहेर उभे होते. बोंबिल माझ्या पायाशी. तुमची खुर्ची कुणी ठेवली नव्हती आणि तरी पहिल्या ओळीत एक जागा मोकळी राहिलीच.

सावंतकाकांनी वाचलं, ‘विषय एक. कैलासवासी श्रीमती लिमये यांच्या नावे दिलेली श्वान बाळगण्याची परवानगी...’ इथे त्यांनी कागद खाली ठेवला. पाणी प्यायले. ‘...ही कुमारी वैशाली हिच्या नावे करावी का. कुणाचा विरोध?’

मी उभी राहिले. कागद उघडला.

कुणाचाच विरोध नाही.

मी सगळीकडे बघितलं. काकू, एक तरी हात! नायरसाहेब उभे राहिले तेव्हा मला हायसं वाटलं, म्हटलं, आला बाबा विरोधक. ते म्हणाले, ‘माझा एक प्रश्न. सकाळी तो आमच्या दारात येतो हेल्मेट बघायला. ते चालू राहणार ना?’ शेख वहिनी म्हणाल्या, ‘और रविवार को क्लास कौन ले जाएगा? अधूरा मत छोड़ना.’ सावंतकाका म्हणाले, ‘वैशाली नेईल. तिला रिक्षावाल्यांशी भांडता येतं.’ आणि सगळे हसले. ठराव मंजूर. फाटकाबाहेरच्या माझ्या दोन कार्यकर्त्यांना काहीच कळलं नाही, त्यांनी सवयीनं ‘सोसायटीचा निषेध असो’ अशी घोषणा दिली, तेव्हा वॉचमननं त्यांना हाकललं.

मी भाषणाचा कागद हातात घेऊन तशीच उभी. लढायला कुणी नाही. असं माझ्या बाबतीत कधी झालेलं नाही. तुम्ही बिल्डिंग आधीच जिंकून ठेवली होती, एकेक दार करून, आणि मला सांगितलंही नव्हतंत. मला इतका राग आला तुमचा, आणि इतकं बरं वाटलं, की दोन्ही एकदम कसं होतं हे मला माहीत नव्हतं.

सावंतकाकांनी फाईल बंद केली. ‘आभार मानायचे राहिले. कोण मानतंय?’

आजवरच्या कुठल्याही सभेत मला आभार मानायला कुणी दिले नाहीत. ते काम गोड बोलणाऱ्यांकडे जातं. पण मी उभीच होते, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

मी म्हटलं, ‘लिमयेकाकूंचे आभार.’

एवढंच. मी खाली बसायला लागले.

मागून सावंतकाका म्हणाले, ‘अगं, एवढंच? बोल की अजून.’ मग शेख वहिनी, ‘हाँ, बोल ना.’ मग नायरसाहेब. या बिल्डिंगमध्ये मला पहिल्यांदाच कुणीतरी ‘अजून बोल’ म्हणत होतं, काकू. आणि मला एक वाक्य सुचेना.

म्हणून घरी येऊन हे लिहिलं. सावंतकाका म्हणतात, फलकावर लावू. लावू देत. बघा वाचून, उद्गारचिन्हं कमी केली आहेत.